उम्म राशिदच्या हातच्या गोळ्या

दुबईत करामाला एकीकडे हळदीकुंकवाला गेले होते. शेजारी बसलेल्या बाईंशी नवीनच ओळख झाली होती. त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "गोळ्यांची टोकं कापते." बाईंनी हातातला तिळाचा लाडू तसाच धरून थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "होमिओपॅथीच्या का?"

सोळा वर्षं मी ही नोकरी केली आणि सोळा वर्षं मला हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेला. म्हणून आधीच सांगते. शारजाच्या बाहेर, वाळवंटात एक नेमबाजीचा क्लब आहे. तिथे लोक रायफलने तीनशे मीटर लांबच्या कागदावर नेम मारतात. कागदाशिवाय कशालाही इजा होत नाही. त्या क्लबच्या मोजमापाच्या खोलीत मी कामाला होते. बंदुकीतून उडतं ते सगळं काडतूस नव्हे. पितळी नळकांडं मागे राहतं, आत असते ती बारूद जळून जाते, आणि पुढचं तांब्याचं टोकदार बोंडूक तेवढं निशाणाकडे जातं. ते बोंडूक म्हणजे गोळी. माझा संबंध फक्त त्या बोंडकाशी. बारूद पलीकडच्या कुलूपबंद खोलीत, इक्बालभाईंच्या ताब्यात. ते क्लबचे शस्त्रकारागीर, मूळचे दापोलीकडचे. माझ्या खोलीत ताजवा, मायक्रोमीटर, पेन्सिलीच्या शार्पनरसारखं फिरवायचं लहानसं हातकातर आणि एक पंखा. ताजव्याचा काटा हलतो म्हणून तो पंखा कधी लावायचा नाही.

कारखान्यातून आलेल्या गोळ्या दिसायला जुळ्या बहिणी, पण ताजव्यात घातल्या की प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. वजनात केसाएवढा फरक, आणि टोकाशी जे बारीक तोंड असतं त्याच्या कडा दातऱ्या, एकीची उंच, एकीची बसकी. हौशी नेमबाज अशा गोळ्या वजनाप्रमाणे निवडतात आणि टोकाची कड अगदी हलकेच कापून सगळ्यांची लांबी एकसारखी करून घेतात. म्हणजे हवेत सगळ्या सारख्याच वागतात. त्याने तीनशे मीटरवर किती फरक पडतो? फार तर मुगाच्या दाण्याएवढा. इक्बालभाई म्हणायचे, "ताई, निम्मा फरक गोळीत, निम्मा डोक्यात." पण नेमबाज माणसाला मुगाच्या दाण्याएवढ्या फरकासाठी झोप लागत नाही, हे मी शपथेवर सांगते.

मला ही नोकरी मिळाली ती रत्नागिरीच्या कॉलेजमुळे. तिथे मी फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मुलांना व्हर्निअर आणि स्क्रू गेज देणं, परत घेणं, आणि कोणी खोटी रीडिंग लिहिली की पकडणं, हे माझं काम. नवऱ्याची, माधवची, दुबईला बदली झाली, आम्ही अल मनखूलला बिऱ्हाड केलं, आणि इरा शाळेत जायला लागल्यावर मी घरातल्या डाळींचे डबे उंचीप्रमाणे लावायला लागले. माधव घाबरला. त्यानेच जाहिरात आणून दिली: अचूक मोजमाप करता येणारी व्यक्ती हवी.

मुलाखत इक्बालभाईंनी घेतली. समोर मायक्रोमीटर आणि एक गोळी ठेवली आणि हिंदीत म्हणाले, "नापिये." मी आधी मायक्रोमीटर रिकामा मिटून शून्य बरोबर येतंय का ते पाहिलं. नव्हतं येत. तसं सांगितलं. ते म्हणाले, "सुबह से नौ लोग आये. सबने सीधा नापा." मग नाव वाचून म्हणाले, "कुठल्या तुम्ही?" रत्नागिरी म्हटल्यावर त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि नोकरीचं बोलणं तिथेच संपलं.

गिऱ्हाईकं एकेक नमुने. एक दातांचे डॉक्टर होते. ते स्वतःचं दात घासायचं यंत्र घेऊन क्लबवर आले आणि आमच्या बाकावर बसून वीस गोळ्यांना पॉलिश केलं. अशा चकचकीत की त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता, तो त्यांनी मलाही दाखवला. त्या वीसपैकी कागदाला एकही लागली नाही. डॉक्टर परत माझ्या खिडकीशी आले आणि गंभीरपणे विचारलं, "मग टोकाला फिलिंग करून बघू का?"

पण सांगायची गोष्ट आहे ती अबू राशिद यांची.

अबू राशिद रास अल खैमाचे. वय सत्तरीच्या जवळ, बंदरावरच्या नोकरीतून निवृत्त, देह आडवा, आवाज मोठा, हात नारळ सोलायला झालेले. तिकडे थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, त्यामुळे राशिदचे वडील म्हणून ते अबू राशिद, आणि त्यांची बायको राशिदची आई म्हणून उम्म राशिद. जुन्या पिढीच्या माणसांसारखी त्यांची हिंदी झकास होती. लहानपणापासूनचे त्यांचे मित्र खमीस, तेही क्लबचे सभासद. दोघं एकाच गाडीतून यायचे, एकाच डब्यातले खजूर खायचे, आणि क्लबच्या हिवाळी स्पर्धेत दरवर्षी खमीस अबू राशिदना हरवायचे. परतीच्या तासाभराच्या रस्त्यात खमीस एक शब्द बोलायचे नाहीत, नुसते शीळ घालायचे. "उस्ताज़ा," म्हणजे मास्तरीणबाई, अबू राशिद मला म्हणाले, "हारना मंजूर है. वो सीटी मंजूर नहीं."

त्या हिवाळी स्पर्धेत एक गट होता, हातच्या गोळ्यांचा. नियम एकच: गोळ्या नेमबाजाने स्वतः तयार केलेल्या हव्यात. बारूद भरायची ती क्लबमध्येच, इक्बालभाईंच्या नजरेसमोर. पण परवाना असलेल्या सभासदाला क्लबच्या पत्रावर नुसत्या गोळ्या, म्हणजे तांब्याची बोंडकं, घरी नेऊन टोकं करता यायची. अबू राशिदनी ठरवलं की आपण या गटात उतरायचं. त्यांनी कातर आणि मायक्रोमीटर विकत घेतले आणि मला शिकवायला घरी बोलावलं. क्लबच्या अध्यक्षांनी परवानगी दिली. इक्बालभाई गाडी चालवणार, मी शिकवणार, दर मंगळवारी.

घरी मी माधवला सांगितलं की कातर साडेतीनशे दिरहमचं आहे. तो म्हणाला, "म्हणजे आठ हजार रुपये. गोळीचं टोक कापायला. आठ हजारांत आपल्याकडे माणूस महिनाभर टोकं कापून देईल." इरा तेव्हा कॉलेजला होती. ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "आई इज दॅट माणूस, बाबा."

अबू राशिदच्या मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत, आमचं वर्गासारखं सुरू झालं. जमिनीवर गाद्या, मधे बुटकं टेबल, त्यावर गोळ्यांचे डबे. मी दाखवलं: गोळी साच्यात ठेवायची, कातर टेकवायचं, दोन हलके फेरे, थांबायचं, मोजायचं. अबू राशिदनी गोळी साच्यात ठेवली आणि जहाजाचं चाक फिरवावं तसं कातर फिरवलं. मी मोजलं. टोक इतकं गेलं होतं की ती गोळी आता करंगळीच्या पेरासारखी दिसत होती.

"ज़्यादा हुआ?" ते म्हणाले.

"थोडंसं," मी म्हटलं.

दुसरी कापलीच गेली नाही. तिसरी तिरकी गेली. चौथीच्या वेळी त्यांनी श्वास रोखून धरला आणि मग इतक्या जोरात सोडला की ताजवा थरथरला. तीन मंगळवार असेच गेले. त्यांनी केलेल्या गोळ्या इक्बालभाईंनी क्लबवर नेऊन भरल्या आणि अबू राशिदनी झाडल्या. कागदावर छिद्रं अशी पसरली होती की कोणीतरी त्यावर मिरीचे दाणे उधळलेत असं वाटावं. खमीसनी तो कागद घडी घालून आठवण म्हणून खिशात ठेवला.

या सगळ्या वेळी उम्म राशिद खोलीतच असायच्या. बारीक अंगाच्या, चेहऱ्यावर तिकडच्या जुन्या बायका घालतात तो नाक आणि ओठ झाकणारा सोनेरी झाकेचा बुरखा, आणि त्यावर हसरे डोळे. त्या कहवा, म्हणजे तिकडची कॉफी, ओतायच्या आणि कोपऱ्यात आपलं काम घेऊन बसायच्या. त्यांचं काम म्हणजे तल्ली. एका गोल उशीवर धाग्यांची पाच-सहा रिळं टाचलेली, मधून चांदीची तार, आणि दोन्ही हातांनी धागे उलटसुलट टाकत विणलेली बोटभर रुंदीची चमचमती पट्टी. ती झग्याच्या बाह्यांना आणि गळ्याला लावतात. त्यांचे हात इतके भराभर चालायचे की मी शिकवता शिकवता तिकडेच बघत राहायचे. हिंदी त्यांना मालिका बघून आली होती. त्यामुळे "देखो", "अच्छा", "मेरी कसम" एवढं अस्खलित, बाकी खुणा.

चौथ्या मंगळवारी असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, अजान झाली आणि अबू राशिद आणि इक्बालभाई मशिदीत गेले. खोलीत आम्ही दोघी. उम्म राशिद उठल्या, टेबलापाशी आल्या, आणि मला म्हणाल्या, "देखूँ?"

मी कातर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी गोळी साच्यात ठेवली, कातर टेकवलं आणि डोळे मिटले. दोन फेरे. थांबल्या. मी मोजलं. पाहिजे होतं तेवढंच. मला वाटलं योगायोग. दुसरी केली. तेवढंच. तिसरी, चौथी, पाचवी. मायक्रोमीटरचा आकडा जागचा हलेना, म्हणून मी आधी मायक्रोमीटरच बिघडला का ते तपासलं. शून्य बरोबर होतं. बिघडलं काहीच नव्हतं. मिलिमीटरचा शंभरावा भाग ही बाई डोळे मिटून कापत होती.

मी खुणेनं विचारलं, कसं? त्यांनी कानाला हात लावला. मग कातर पुन्हा फिरवून दाखवलं. सुरुवातीला दातऱ्या कडेवर चालताना ते खरखरतं, आणि कड सगळीकडे सारखी झाली की एकदम गुळगुळीत सूं असा आवाज येतो. तो आवाज आला की थांबायचं. इतकी वर्षं मी ते डोळ्यांनी बघत आले होते. कानाने ऐकावं हे मला सुचलं नव्हतं. आम्ही दोघी लहान मुलींसारख्या हसायला लागलो. तेवढ्या वेळात त्यांनी चोवीस गोळ्या केल्या.

दारात चपला वाजल्या. उम्म राशिदनी काय करावं? त्यांनी आपल्या चोवीस गोळ्या नवऱ्याच्या ताटलीत ओतल्या, त्याच्या वाकड्या गोळ्या उचलून झग्याच्या खिशात घातल्या, आणि जाऊन तल्लीपाशी बसल्या. अबू राशिद आले, बसले, सवयीने एक गोळी मोजली. थबकले. दुसरी मोजली. मग सगळ्या. त्यांचा चेहरा उजळत गेला, तो मला आजही दिसतो. "उस्ताज़ा," ते हळूच म्हणाले, "हाथ बैठ गया."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं, आणि सगळे हसलो असतो. पण मी उम्म राशिदकडे पाहिलं, त्यांनी उशीकडे पाहिलं, आणि मी म्हटलं, "माशाल्ला." प्रयोगशाळेत मुलांची खोटी रीडिंग पकडणारी मी.

मग जे सुरू झालं त्याला आवर राहिला नाही. अबू राशिद असरनंतर गोळ्या करायचे, रात्री झोपायचे आणि सकाळी मोजायचे. ते झोपले की उम्म राशिद ताटली बदलायच्या. पुढच्या शनिवारी क्लबवर त्यांच्या दहा छिद्रांचा घोळका चहाच्या कपाखाली मावला. त्याच्या पुढच्या शनिवारी लहान कपाखाली. आणि अबू राशिद गुरू झाले. ते सभासदांना गोळा करून व्याख्यानं द्यायला लागले. टोक कापायचं ते असरनंतरच, कारण तेव्हा हवा शांत असते. आधी वेलचीचा कहवा तीन कप, चार नाही. डाव्या मांडीवर बसायचं. दातांचे डॉक्टर हे सगळं वहीत उतरवून घेत होते. दोन आठवड्यांत क्लबभर वेलचीचा वास सुटला आणि डाव्या मांडीवर बसून चार-पाच जणांच्या पायाला मुंग्या आल्या. इक्बालभाई मला म्हणाले, "ताई, हा काय प्रकार आहे?" मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि बारूदखोलीत जाऊन बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "मला काही माहीत नाही. मी दापोलीचा नाही. मी तुम्हाला ओळखत नाही."

हिवाळी स्पर्धा आली. अबू राशिदनी शंभरपैकी सत्त्याण्णव मारले. आयुष्यातला सगळ्यात मोठा आकडा. खमीसचे त्र्याण्णव. अबू राशिदना पहिल्या नंबरचं पदक मिळालं, लोकांनी मिठ्या मारल्या. ते माझ्या खिडकीपाशी आले, काचेवर बोट ठेवून माझ्याकडे खूण केली आणि मग स्वतःच्या हाताचा मुका घेतला.

आणि खमीस उठून अध्यक्षांकडे गेले. त्यांची लेखी हरकत होती. साठ वर्षं ते अबू राशिदचे हात ओळखत होते; या हाताला धड मासा साफ करता येत नाही; या गोळ्या क्लबच्या हिंदुस्तानी बाईने केल्या आहेत.

मला बोलावलं. लांब टेबल, मधे अध्यक्ष, एका बाजूला खमीस, दुसऱ्या बाजूला अबू राशिद, मागे पंचवीस-तीस सभासद उभे. अबू राशिद अगदी निवांत होते. त्यांना काळजीचं कारणच नव्हतं.

अध्यक्षांनी इंग्रजीत विचारलं, "या गोळ्या तुम्ही केल्या?"

"नाही सर. मी एकीलाही हात लावला नाही."

अबू राशिदनी खमीसकडे पाहिलं. खमीसचं तोंड पडलं. अध्यक्ष कागद मिटायला लागले आणि मिटता मिटता, केवळ रिवाज म्हणून म्हणाले, "म्हणजे अबू राशिद यांनीच केल्या."

हो म्हणायचं होतं. तेवढंच. मला कॉलेजातला एक मुलगा आठवला. त्याने दहाच्या दहा रीडिंग मित्राच्या वहीतून उतरवली होती, आणि मी त्याचं वर्षभराचं प्रॅक्टिकल कापलं होतं. मी म्हटलं, "नाही सर."

अबू राशिद वळले. "उस्ताज़ा? फिर किसने?"

"उम्म राशिदने," मी म्हटलं.

कोणीतरी मागे हसलं आणि लगेच थांबलं. अबू राशिदनी विचारलं, "कितनी?"

"स्पर्धेचे दोन्ही डबे. सब."

त्यांनी खिशातून पदकाची पेटी काढून टेबलावर ठेवली आणि दाराकडे चालू लागले. खमीस त्यांच्या मागे गेले, "अबू राशिद, ओ अबू राशिद" म्हणत. पण त्या दिवशी पहिल्यांदा अबू राशिद त्यांना न घेता एकटेच गाडी घेऊन गेले. खमीसना इक्बालभाईंनी घरी सोडलं. रस्ताभर खमीसनी शीळ घातली नाही, असं इक्बालभाई मला नंतर म्हणाले.

त्या संध्याकाळी इक्बालभाईंनी माझ्यासमोर चहा ठेवला. "ताई, खलास. तुम्ही आणि मी एकाच विमानाने मुंबई." मी रडत होते आणि मधेच त्या मिटलेल्या डोळ्यांनी कापलेल्या गोळ्या आठवून मला हसूही येत होतं. घरी इराला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, यू डिड द राइट थिंग. बट युअर टायमिंग वॉज टेरिबल." माधव म्हणाला, "पहिल्या मंगळवारी सांगितलं असतंस तर?" मी म्हटलं, "चौथ्या." तो म्हणाला, "बरं, चौथ्या." तो प्रश्न मी अजूनही स्वतःला विचारते. मला त्या माणसाचा आनंद मोडवत नव्हता, हे खरं. पण तो आनंद मी त्यांच्या घरच्या माणसाच्या कर्तृत्वावर उभा राहू दिला आणि तिचं नाव दाबलं, हेही तितकंच खरं.

तीन शनिवार अबू राशिद आले नाहीत. क्लबवर वेलचीचा वास बंद झाला.

चौथ्या शनिवारी ते आले. माझ्या खिडकीशी, आणि सोबत उम्म राशिद. त्यांनी माझ्याशी सलाम-दुआ केली नाही, थेट बोलायला लागले.

"घर जाकर मैंने उससे पूछा, ये क्यों किया? बोली, तुम बहुत खुश थे. मैंने कहा, मेरे सामने करके दिखाओ. मैं एक घंटा बैठा, देखता रहा. उस्ताज़ा, इकतालीस साल मैंने इस हाथ से कहवा पिया. हाथ अब देखा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मैं तुमसे नाराज़ हूँ. दस दिन और रहूँगा. अब फॉर्म दो."

"कसला फॉर्म?"

"मेंबर का. इसका."

मी फॉर्म दिला. तो त्यांनीच भरला, मोठ्या अक्षरात. नावाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: मौज़ा. मला इतक्या दिवसांत त्यांचं नाव विचारायचं सुचलं नव्हतं. मी तो फॉर्म परत परत वाचला. मौज़ा खिडकीच्या काचेत आपला बुरखा सारखा करत होत्या आणि मला म्हणाल्या, "तुम भी."

"मी काय?"

"तुम भी बंदूक. साथ में. मेरी कसम."

आता कबूल करते. इतकी वर्षं मी गोळ्यांमध्ये काढली, पण एकदाही रायफल हातात धरली नव्हती. मला आवाजाची भीती वाटायची. गोळ्या सुटायला लागल्या की मी खिडकी बंद करून घेत असे. पण मौज़ा ऐकेनात. बायकांसाठी सोमवारची वेळ होती. पुढच्या सोमवारी आम्ही दोघी, एक साठीची, एक पन्नाशी ओलांडलेली, चटईवर पालथ्या पडलो होतो. माझ्या ओढणीचा शेव पोटाखाली अडकलेला, त्यांच्या बुरख्याची कड रायफलला अडत होती म्हणून त्यांनी तो कपाळावर सरकवला. इक्बालभाई मागे पाठमोरे उभे राहून सूचना देत होते, "श्वास घ्या, अर्धा सोडा, थांबा, हळू." मौज़ांनी दहा गोळ्या मारल्या, एकेक करून, धागा ओवावा तशा. मी डोळे मिटून दहा मारल्या.

कागद आणले. मौज़ांच्या कागदावर बारा छिद्रं होती. माझ्या कागदावर पाच.

इक्बालभाईंनी दोन्ही कागद उन्हात धरले. "ताई," ते म्हणाले, "तीन गोळ्यांचा अजून शोध सुरू आहे. पण तुम्ही शेजारणीला दोन दिल्या, हे नक्की." आम्ही दोघी चटईवरच हसत सुटलो. मौज़ा पोट धरून हसत होत्या आणि अरबीत काहीतरी म्हणत होत्या, मला त्यातलं फक्त "उस्ताज़ा" कळत होतं. पलीकडच्या बाकावर अबू राशिद बसले होते. ते दुसरीकडे बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. दहा दिवसांपैकी तो तिसरा होता.

पुढच्या हिवाळ्यात दोघांनी नावं दिली, हातच्या गोळ्यांच्या गटातच, वेगवेगळी. अबू राशिदनी अध्यक्षांना लेखी कळवलं होतं की घरात आता दोन टेबलं आहेत, दोन खोल्यांत आहेत, आणि झोपताना ते आपल्या खोलीला कुलूप लावतात. खमीसनी ते पत्र मागून घेऊन सगळ्यांना वाचून दाखवलं.

मौज़ा चौथ्या आल्या. पहिल्याच वर्षी, चौदा जणांत. खमीस सहावे. ते मौज़ांपाशी आले, छातीवर हात ठेवून वाकले आणि मोठ्या अदबीने विचारलं की टोक कापायचं ते नेमकं कुठल्या मांडीवर बसून. त्या म्हणाल्या, "कुर्सी."

मी त्याच महिन्यात निवृत्त होणार होते. आम्ही तोवर शारजात अल मजाजला राहायला गेलो होतो आणि इराला नोकरी लागली होती. ती त्या दिवशी मुद्दाम क्लबवर आली होती, आईच्या कामाची जागा बघायला. मी तिला ताजवा, कातर, बंद पंखा दाखवत होते. तेवढ्यात अबू राशिद खिडकीशी आले. त्यांचा नंबर खालून तिसरा लागला होता. घामाघूम झाले होते आणि चेहऱ्यावर असं हसू की इराला वाटलं हेच जिंकले. ती म्हणाली, "काँग्रॅच्युलेशन्स, अंकल."

"शुक्रन, शुक्रन," ते म्हणाले. त्यांनी उरलेल्या गोळ्यांचा डबा माझ्यापुढे काउंटरवर उपडा केला. एक लांब, एक बुटकी, एक तिरकी. काही तर अशा की कुठल्या बाजूने टोक हे विचारावं लागलं असतं.

"देखो, उस्ताज़ा," अबू राशिद म्हणाले. "सब ख़राब. सब मेरी."